केईएमचे डॉ. वकील आणि सर्पगंधेचं मूळ: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात बीपीवर लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की बीपीच्या गोळीचा रस्ता जगाला दाखवणारा एक पेपर आपल्या परळच्या केईएममधून गेला आणि तो लिहिणारे होते डॉ. रुस्तम जाल वकील. त्या एका ओळीवर कोपरीपासून नेरूळपर्यंत इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर त्यांच्यावरच करतेय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, त्यामुळे फक्त एरिया देते.

प्रश्न (कोपरी, ठाणे पूर्व): ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की बीपीचं जगातलं पहिलं औषध मुंबईच्या एका पारशी डॉक्टरने जंगली झाडाच्या मुळातून शोधलं आणि परदेशी कंपन्यांनी ते चोरलं. हे तेच वकील का? आणि यात खरं किती?

उत्तर: हो दादा, तेच. मेसेज अर्धा खरा आहे, पण जे अर्धं खरं आहे ते मेसेजमध्ये लिहिलंय त्याच्यापेक्षा खूप मोठं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डॉ. वकील १९११ सालचे, मुंबईच्या पारशी घरातले. डॉक्टरी शिकले लंडनला, मग मुंबईत परत आले आणि केईएमला लागले. केईएम म्हटलं की आपल्याला ठाण्याहून सकाळची लोकल पकडून परळला उतरायचं आणि केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं एवढंच आठवतं, पण त्या हॉस्पिटलची सुरुवात कशी झाली ते माहीत पाहिजे. १९२६ साली ते आणि त्याला जोडून सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा देणगी देणाऱ्यांची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत आणि ते सरकारी नोकरीतले नकोत. इंग्रजांच्या काळात मोठमोठ्या पोस्ट सरकारी मेडिकल सर्व्हिसच्या लोकांकडे जायच्या, आपल्या हुशार डॉक्टरांना जागाच मिळायची नाही, त्यावर हा उपाय होता. वकिलांसारख्या माणसाला पेशंट, वॉर्ड आणि संशोधन सगळं एका छताखाली मिळालं ते या अटीमुळे, असं मला मनापासून वाटतं.

आता त्या काळात बीपीची काय अवस्था होती ते बघा, म्हणजे त्यांनी काय केलं ते कळेल. बीपी मोजायचं मशीन होतं, १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची पद्धत दिली, म्हणजे मोजता येत होतं पण मोजून पुढे करायचं काय हेच कोणाला माहीत नव्हतं. चांगले चांगले नावाजलेले डॉक्टर लिहायचे की वाढलेलं बीपी ही शरीराची सोय असेल, त्याला हातच लावू नये. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांचं बीपी १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ होतं आणि १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले त्या दिवशी ३००/१९०. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला मीठ कमी करा, आराम करा, झोपेची गोळी घ्या आणि हृदयासाठी डिजिटॅलिस घ्या, याच्या पलीकडे द्यायला डॉक्टरांकडे काही नव्हतं हो! बाकी पर्याय काय, तर नुसता भात आणि फळं खाऊन राहायचं, नाहीतर पाठ उघडून मणक्याशेजारच्या नसा कापायचं ऑपरेशन. थायोसायनेट म्हणून एक औषध होतं पण त्याचं विष व्हायला वेळ लागायचा नाही. म्हणून 'पहिलं औषध' असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण साध्या ओपीडीत साध्या पेशंटला रोज गोळी म्हणून देता येईल आणि बीपी उतरेल असं जवळपास काही नव्हतं हे मात्र पक्कं.

अशा वेळी वकिलांनी सर्पगंधेच्या, म्हणजे मेसेजमधल्या त्या झाडाच्या, मुळाच्या गोळ्या बीपीच्या पेशंटना देऊन बघितल्या, नीट नोंदी ठेवल्या, आणि १९४९ मध्ये लंडनच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० पेशंटचा अभ्यास छापला. चार आठवड्यांनी ८५ टक्के लोकांचं वरचं बीपी आणि ८१ टक्के लोकांचं खालचं बीपी उतरलेलं होतं. म्हणजे काही जणांचं उतरलं नाही, आणि तेही त्यांनी लपवलं नाही, आकड्यात दिसतंयच.

राहिलं चोरीचं. पेपर त्यांनी उघड छापला, तो जगाने वाचावा म्हणूनच छापला. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला, भारतातून गोळ्या मागवल्या आणि १९५० पासून आपल्या पेशंटना द्यायला सुरुवात केली, तिथून अमेरिकेत हे औषध पसरलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी मुळातलं नेमकं काम करणारं द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव रिसर्पिन, आणि 'सर्पासिल' नावाने ते बाजारात आणलं. याला चोरी म्हणणं मला पटत नाही. नुकसान झालं ते झाडाचं, मुळासाठी उपटून उपटून सर्पगंधा इतकी कमी झाली की आज तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने बंधनं आहेत. त्याबद्दल मेसेज फिरवा की.

प्रश्न (घोडबंदर रोड): नमस्कार. सर्पगंधा तर आयुर्वेदात आधीपासून होतीच. वैद्यांना माहीत होतं, हकिमांना माहीत होतं, मग वकिलांचं त्यात काय? इंग्रजी मासिकात छापलं म्हणून मोठे झाले असं नाही का?

उत्तर: तुमचा प्रश्न जरा रागाने आलाय पण रास्त आहे, आणि मला या सगळ्या पत्रांमध्ये हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

झाड कोणाचं म्हणाल तर सगळ्यांचं. झोप येत नाही, माणूस पिसाळल्यासारखं करतोय, साप चावलाय, अशा कितीतरी गोष्टींना आपल्याकडे हे मूळ पिढ्यानपिढ्या देत आलेत, बिहारकडे तर त्याला वेड्याचं औषध म्हणूनच ओळखायचे. आणि आधुनिक पद्धतीने अभ्यास करणारेही वकील पहिले नाहीत. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजमध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातून अल्कलॉइड, म्हणजे झाडातली औषधी रसायनं, वेगळे काढले आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी लिहून ठेवलं की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या बीपीवर, दोन्हीवर चालतं. १९३३ मध्ये कलकत्त्याच्याच रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरतो हे दाखवलं. ही सगळी माणसं मोठी आणि त्यांची नावं वकिलांच्या आधी घ्यायला पाहिजेत, वकिलांची स्तुती करताना यांना विसरणाऱ्यांचा मलाही राग येतो.

मग वकिलांचं काय? त्यांनी मोजलं. ऐकायला एवढंसं वाटतं ना, पण जरा विचार करा. बीपी ही अशी गोष्ट आहे की काहीही न करता ती खाली येते. माणूस पहिल्यांदा दवाखान्यात येतो, घाबरलेला असतो, जिना चढून आलेला असतो, डॉक्टरांना बघूनच छातीत धडधडतं आणि रीडिंग येतं १७०. आठ दिवसांनी तोच माणूस जरा ओळखीचा झालेला असतो, कंपाउंडरशी गप्पा मारून आत येतो, रीडिंग येतं १५५. मध्ये तुम्ही त्याला साखरेची गोळी दिली असती तरी तो म्हणाला असता डॉक्टर तुमच्या हाताला गुण आहे! आता वैद्याने सांगितलं की 'माझ्या पेशंटना बरं वाटतं' तर ते खोटं नसतं, पण ते मुळामुळे की धीर दिल्यामुळे की नुसता वेळ गेल्यामुळे हे कसं कळणार? त्यासाठी पेशंट निवडायला लागतात, ज्यांच्या बीपीला दुसरं काही कारण, म्हणजे किडनीचा आजार वगैरे, सापडत नाही असे, पाऱ्याच्या मशीनवर पुन्हा पुन्हा रीडिंग घ्यायला लागतं, आणि जे आलं ते कागदावर उतरवायला लागतं, आवडलं नाही तरी.

इथे सर्पगंधेची अजून एक खोड आहे, आणि ती कळली की चार आठवड्यांचं महत्त्व कळतं. रिसर्पिन लगेच काम करत नाही. आपल्या रक्तवाहिन्या आवळून धरायचा निरोप नसांच्या टोकाकडून जातो, आणि त्यासाठी लागणारं रसायन, नॉरअॅड्रिनलीन, तिथे बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं. रिसर्पिन त्या पिशव्या भरायचं यंत्रच बंद पाडतं. दुकानाचं गोदाम भरायचं थांबवलं तर शटर त्याच दिवशी खाली येत नाही ना, आहे तो माल संपेपर्यंत धंदा चालूच राहतो, तसंच इथे, साठा हळूहळू संपतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी मंद होते, आणि याला दिवस नाही तर दोन-तीन आठवडे लागतात. औषध बंद केलं तरी परिणाम लगेच जात नाही, कारण बंद पडलेलं यंत्र दुरुस्त होत नाही, शरीराला नवं तयार करायला लागतं. म्हणजे एखाद्या घाईच्या डॉक्टरने दोन दिवस देऊन बघितलं असतं तर म्हणाला असता काही उपयोग नाही, फेका हे मूळ. हे सगळं कसं चालतं ते १९४९ मध्ये कोणालाच माहीत नव्हतं, वकिलांनाही नाही, पण ते थांबले आणि मोजत राहिले.

आणि इंग्रजी मासिकाचं म्हणाल तर हो, त्याचा उपयोग झालाच. सेन आणि बोस यांचं लिखाण भारतातल्या मासिकात होतं, ते बोस्टनपर्यंत पोचलं नाही. यात अन्याय आहे हे मान्य. पण त्या अन्यायाचं खापर वकिलांवर कशाला? उलट १९५५ मध्ये त्यांनी 'सर्क्युलेशन' या अमेरिकन हृदयरोग मासिकात सर्पगंधा आणि बीपी यावर तोपर्यंत झालेल्या सगळ्या कामाचा मोठा आढावा लिहिला. एकट्याचा झेंडा लावायचा असता तर असा आढावा लिहीत बसले नसते.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): माझे सासरे बीपीसाठी वर्षानुवर्षं 'अडेल्फेन' घ्यायचे, गोखले रोडच्या मेडिकलमधून मीच आणायचे. मागच्या अंकात तुम्ही सर्पगंधा लिहिलंत तेव्हा मिस्टर म्हणाले अडेल्फेन म्हणजे तेच. खरं का? आणि मग डॉक्टरांनी ती बंद का केली?

उत्तर: वहिनी, मिस्टर बरोबर आहेत. अडेल्फेनमध्ये रिसर्पिन होतं आणि सोबत डायहायड्रालझिन, जे रक्तवाहिन्या थेट सैल करतं. पुढे 'अडेल्फेन-एसिड्रेक्स' आली त्यात तिसरं हायड्रोक्लोरोथायाझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी काढणारं. एका गोळीत रिसर्पिन किती, तर ०.१ मिलिग्रॅम! एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. आपल्या कितीतरी घरांमध्ये देवाच्या फोटोखालच्या कपाटात ही स्ट्रिप असायची, त्यामुळे वकिलांचं काम आपल्या घरात रोज सकाळी चहाबरोबर घेतलं जात होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

जवळपास अशाच तीन औषधांच्या जोडीवर एक फार गाजलेला अभ्यास आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटल्समध्ये डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी केला, १९६७ मध्ये छापला. १४३ पुरुष, सगळ्यांचं खालचं बीपी ११५ ते १२९ च्या मध्ये. ७३ जणांना हायड्रोक्लोरोथायाझाइड, रिसर्पिन आणि हायड्रालझिन दिलं, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या. खोट्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना मृत्यू, पक्षाघात, हार्ट फेल, किडनी किंवा डोळे बिघडणं असलं काही ना काही गंभीर झालं, खऱ्या गोळ्यांच्या गटात फक्त दोघांना. बीपी उतरवलं की माणूस वाचतो हे तोपर्यंत पक्कं सिद्ध झालेलं नव्हतं, ते इथे झालं, आणि त्या तीन औषधांमधलं एक परळच्या वॉर्डातून निघालेलं होतं. मला हे वाचताना अंगावर काटा येतो.

बंद का केली? कारण नंतर जास्त सुटसुटीत औषधं आली. रिसर्पिनने नाक चोंदतं, सुस्ती येते, ॲसिडिटी वाढते, काहींना मन उदास होतं. सासऱ्यांचं नाक कायम बंद असायचं का हो? असेल तर ती सर्दी नसेलही. आज डॉक्टरांकडे ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन असे बरेच पर्याय आहेत, ज्यांचा असा त्रास कमी, म्हणून रिसर्पिन मागे पडलं.

प्रश्न (नेरूळ, नवी मुंबई): मॅडम, माझं वय ५२. बीपी १५० च्या आसपास असतं, गोळी चालू आहे. नैसर्गिक आहे म्हणून सर्पगंधा चूर्ण ऑनलाइन मागवलंय. गोळी बंद करून हे सुरू करू का?

उत्तर: नको. अजिबात नको, आणि डबा आला असेल तर तो उघडूही नका. मी सर्पगंधेचं एवढं कौतुक करतेय म्हणून तुम्हाला वाटेल की मी हो म्हणेन, पण ज्या कारणांसाठी कौतुक करतेय त्याच कारणांसाठी नाही म्हणतेय.

वर लिहिलंय बघा, गोळीत ०.१ मिलिग्रॅम. एवढ्याशा मात्रेने बीपी हलतं. मुळात रिसर्पिन किती असतं ते माती, हंगाम, झाडाचं वय यावर बदलतं, मग तुमच्या चमच्यातल्या चूर्णात किती आलं हे तुम्ही कसं सांगणार? शिवाय त्या मुळात एकटं रिसर्पिन नसतं, पन्नासच्या वर अल्कलॉइड आहेत. मघाशी ज्या अजमलीनचं नाव घेतलं ते हृदयाच्या ठोक्यांच्या विजेवर काम करतं, इतकं की आज ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा ठोक्यांचा आजार लपलेला आहे का हे शोधायला डॉक्टर ते हॉस्पिटलमध्ये, ईसीजी लावून, जवळ सगळी तयारी ठेवून शिरेतून देतात. ते तुम्ही घरी कोमट पाण्याबरोबर घेणार का?

आणि मनाचं. रिसर्पिन नुसतं रक्तवाहिन्यांच्या नसांचा साठा संपवत नाही, मेंदूतलं सेरोटोनिन आणि डोपामिन, म्हणजे मन थाऱ्यावर ठेवणारी रसायनंही कमी करतं. ज्यांना आधी कधी डिप्रेशन होऊन गेलंय त्यांना हे औषध देतच नाहीत. पेप्टिक अल्सरवाल्यांनाही नाही. आणि वाईट परिणाम सुरू झाला आणि तुम्ही घाबरून बंद केलंत तरी तो लगेच थांबत नाही, कारण वर सांगितलं तेच.

तुम्ही करायचं काय ते सांगते. चालू गोळी मनाने बंद करू नका. सकाळी चहाच्या आधी, बाथरूमला जाऊन आल्यावर, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला टेबलावर, बोलू नका, मोबाइल बाजूला, आणि मग दोनदा रीडिंग घ्या, मध्ये एक मिनिट सोडून. संध्याकाळी परत तसंच. आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. १५० हे रीडिंग धावपळीत घेतलेलं आहे का, डोस कमी पडतोय का, लोणचं-पापड जास्त होतंय का, हे त्या वहीतून त्यांना कळेल. वैद्यांवर विश्वास असेल तर रजिस्टर्ड वैद्यांकडे जा आणि चालू गोळीची स्ट्रिप त्यांना दाखवा, पण दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचं माहीत पाहिजे.

प्रश्न (ऐरोली, एमबीबीएसची विद्यार्थिनी): आमच्या लायब्ररीत 'वकील अँड गोलवाला'चं फिजिकल डायग्नोसिसचं जुनं पुस्तक आहे. ते वकील हेच का? सर्पगंधेशिवाय त्यांनी अजून काय काम केलं?

उत्तर: हो गं, हेच. पेशंटला कसं बघायचं, हात लावून, ठोकून, कान लावून काय कळतं, हे शिकवणारं ते पुस्तक डॉ. वकील आणि डॉ. गोलवाला यांचं. आणि १९६९ मध्ये असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचं जे मोठं मेडिसिनचं टेक्स्टबुक निघालं, तुम्ही ज्याला एपीआय म्हणता, त्याच्या पहिल्या आवृत्तीचे संपादकही तेच. भारतातल्या पेशंटचे आजार भारतातल्या डॉक्टरांनी लिहायचे हा त्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो, विलायती पुस्तकात आपल्याकडचे आजार थोडक्यात उरकायचे आणि आपल्या वॉर्डात तर ते रोजचेच.

संशोधनात त्यांचं दुसरं मोठं काम हार्ट ॲटॅकच्या आधीच्या अवस्थेवर आहे. छातीतलं दुखणं वाढत चाललंय, आधी जिना चढल्यावर व्हायचं ते आता बसल्या बसल्या होतंय, पण हृदयाचा स्नायू अजून मेलेला नाही, ही जी मधली धोक्याची जागा आहे, जिला तुम्ही आज अनस्टेबल अंजायना म्हणून शिकता, तिच्यावर त्यांनी १९६१ मध्ये 'सर्क्युलेशन'मध्ये आणि १९६४ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिऑलॉजी'मध्ये लिहिलं. शेकडो पेशंटचा पाठपुरावा केला, कोण पुढे ॲटॅककडे गेलं, रक्त पातळ करायचं औषध दिल्यावर फरक पडला का, हे बघितलं. अँजिओग्राफी सगळीकडे व्हायच्या आधीचा काळ होता बघ, हातात ईसीजी, स्टेथोस्कोप आणि पेशंटचं बोलणं. त्यातून त्यांनी सांगितलं की ही अवस्था वेगळी ओळखा आणि इथेच उपचार करा, ॲटॅकची वाट बघू नका. आज कळव्याच्या किंवा वाशीच्या कुठल्याही कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला ईसीजी नॉर्मल असला तरी घरी पाठवत नाहीत, ठेवून घेतात, त्यामागे याच विचाराच्या डॉक्टरांची पिढी आहे.

'रोमान्स ऑफ हीलिंग' नावाचा त्यांचा वैद्यकाच्या इतिहासावरच्या लेखांचा संग्रहही आहे, १९६१ चा. मिळाला तर वाच.

प्रश्न (वाशी): एवढं काम केलं तर त्यांना नोबेल का नाही मिळालं?

उत्तर: नोबेल मिळालं नाही, पण १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, वैद्यकात नोबेलच्या खालोखाल ज्याचं नाव घेतात तो. त्याच वर्षी तो नेथन क्लाइन, आँरी लाबोरी, हाइन्झ लेहमन अशा मनाच्या आजारांवरच्या औषधांचं काम करणाऱ्यांनाही मिळाला, त्यातल्या क्लाइन यांचं काम मनोरुग्णांना रिसर्पिन देण्याचं होतं, लाबोरी आणि लेहमन यांचं क्लोरप्रोमाझिन या दुसऱ्या औषधाचं. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९६५ मध्ये भटनागर पुरस्कार. १९७४ मध्ये ते गेले, वय ६३.

नोबेलचं म्हणाल तर रिसर्पिनच्या आसपास काम करणाऱ्या दोघांना मिळालंय. अमेरिकेच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये प्रयोगशाळेत रिसर्पिन संपूर्ण बनवून दाखवलं, त्यांना अशा अवघड रेणू घडवायच्या एकूण कामासाठी १९६५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिलं, ससे हलेनासे झाले, मग एल-डोपा (म्हणजेच लेव्होडोपा) दिल्यावर परत हालचाल करायला लागले, त्यातून मेंदूत डोपामिन काय करतं हे कळलं आणि पुढे पार्किन्सनचा उपचार उभा राहिला, त्यांना २००० सालचं नोबेल. ज्यांच्या घरी पार्किन्सनचा पेशंट आहे आणि तो लेव्होडोपा घेतो त्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्या, त्या गोळीच्या इतिहासातही आपल्या सर्पगंधेचं मूळ आहे.

प्रश्न (कळवा): १९४९ चा तो मूळ पेपर सामान्य माणसाला वाचायला मिळेल का? पैसे भरावे लागतात का?

उत्तर: मिळेल, फुकट. ब्रिटिश हार्ट जर्नलचं आता नुसतं 'हार्ट' असं नाव आहे, त्याचे जुने अंक स्कॅन करून पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या मोफत वेबसाइटवर ठेवलेत. अकरावा खंड, १९४९, पान ३५० पासून ३५५ पर्यंत. शोधताना डॉक्टरांचं आडनाव आणि 'रॉवोल्फिया सर्पेंटिना' हे सर्पगंधेचं शास्त्रीय नाव टाका, इंग्रजीत. सहा पानंच आहेत, भाषा सोपी आहे, कॉलेजात शास्त्र शिकलेल्या कोणालाही कळेल.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना वय आणि चालू गोळ्यांची नावं लिहा, रिपोर्टचे फोटो पाठवू नका, निदान मी करत नाही.